रिफर्बिश्ड थिंकसेंटर एम७२०क्यू: डब्याचा भाव नंतर विचारा, आधी आतली रॅम मोजा

लेनोवोचं थिंकसेंटर एम७२०क्यू हे छोट्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचं २०१८ चं मॉडेल. डबा एक लिटरचा: अठरा सेंटीमीटर लांब, जवळपास तेवढाच रुंद, साडेतीन सेंटीमीटर जाड. मोठ्या कंपन्यांच्या लीजवरून सुटलेले हे डबे गठ्ठ्याने रिफर्बिश्ड (वापरलेला माल तपासून, नीट करून पुन्हा विकण्याच्या) बाजारात येतात आणि तिथून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या काउंटरपर्यंत पोचतात. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि व्हॉट्सॲप वेब एवढंच ज्या टेबलावर चालतं, त्या टेबलाला हे मशीन आजही पुरून उरतं. कॅडला (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनला) नाही, सर्व्हरला नाही आणि फाउंड्रीच्या शेडमध्ये तर अजिबात नाही. पण सध्याच्या बाजारात हे मशीन घ्यावं की नाही हा निकाल प्रोसेसर लावत नाही, आतली रॅम लावते.

कारण थोडक्यात असं. एआय डेटा सेंटरला जी एचबीएम ही अतिवेगवान मेमरी लागते, ती बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीडीआर५ च्या, म्हणजे आजच्या पिढीच्या रॅमच्या, सुमारे तिप्पट वेफर (चिप ज्यावर बनतात ती सिलिकॉनची चकती) खर्ची पडतं. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे या दोन्ही मेमरींच्या मुळाशी असलेली चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनीही आपली बरीच क्षमता तिकडे वळवली. डीडीआर४ चं, म्हणजे या डब्यात लागणाऱ्या मागच्या पिढीच्या रॅमचं, उत्पादन तर त्याआधीच आवरतं घ्यायला सुरुवात झाली होती. २०२५ च्या शेवटच्या तीन महिन्यांत किरकोळ बाजारात रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशियल हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहून त्यातून माल निघायला वर्षं लागतात, त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत उतरेल’ या भरवशावर खरेदी लांबवण्यात अर्थ नाही. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे मशीन बदलायची वेळ आणि मेमरी महागण्याची वेळ एकदमच आली.

म्हणून एम७२०क्यूचा भाव सांगितला की पुढचा प्रश्न एकच: यात किती जीबी आहे, आणि एक पट्टी आहे की दोन? १६ जीबी असलेला डबा आणि ‘रॅम नंतर टाकून देतो’ म्हणून ४ जीबीवर दिलेला डबा यांच्या भावात जो फरक असेल, त्यापेक्षा बाहेरून १६ जीबी घेणं आज बहुतेकदा महाग पडतं. जुन्या डब्यातल्या रॅमचा भाव विक्रेत्याने कधीतरी मागच्या दरात धरलेला असतो, सुट्या पट्टीचा मात्र तो आजच्या दरात लावतो. हा फरक जिथे सापडेल तिथे भरलेला डबा उचलावा. ऑफिसात चालण्याजोगी रॅम पडून नसेल, तर रिकामा डबा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये.

आता ओळख पटवायची. बाहेरून अगदी सारखा दिसणारा एम७१०क्यू त्याच काउंटरवर त्याच रांगेत ठेवलेला असतो, थोडा स्वस्त. त्यात इंटेलची सहावी किंवा सातवी पिढी असते आणि ती विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. तपासणी बायपास करून त्यावर ११ बसवता येतं, आणि तसं बसवून ‘विंडोज ११ रेडी’ म्हणून विकलंही जातं. पण वर्षाला येणारं मोठं अपडेट अशा मशीनवर आपोआप उतरत नाही, दर वेळी कोणीतरी बसून हाताने टाकावं लागतं. डब्यावरच्या स्टिकरवर मशीन टाइप बघा. १०टी ने सुरू होत असेल (१०टी७, १०टी८) तर एम७२०क्यू. १०एम ने सुरू होत असेल तर मागची पिढी. त्याच स्टिकरवरचा सिरियल नंबर लेनोवोच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून काय घेऊन निघालं होतं ते दिसतं. मूळ आय५ आणि आत आय३ असं निघालं तर तिथेच बोलणं संपवायचं.

प्रोसेसरमध्ये आय५-८४००टी किंवा ८५००टी घ्यावा: सहा कोअर, ३५ वॅट. आय३-८१००टी चार कोअरचा आहे, बिलिंग काउंटरला चालतो. आय७ साठी वेगळे पैसे मोजू नका. इतक्या छोट्या डब्यात तो तापतो आणि वेग कमी करून घेतो, हिशेबाच्या कामात फरक जाणवतही नाही.

मार्केट यार्डात रवा (गुळाची ढेप) फोडून बघितल्याशिवाय गुळाचा सौदा होत नाही. इथेही डबा दुकानातच उघडायला लावावा. काम दोन मिनिटांचं आहे. मागचा एक स्क्रू काढला की वरचं झाकण पुढे सरकतं, खाली पंखा आणि हीटसिंक दिसतात. डबा उलटा करून खालचं झाकण सरकवलं की रॅमच्या दोन खाचा आणि एम.२ एसएसडीची जागा समोर येते. रॅमच्या स्टिकरवर ‘१आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही’ अशी ओळ असते. पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६६६ हा वेग. आय५ सोबत ती २६६६ वर चालते, आय३-८१००टी सोबत २४०० वरच. आठ-आठच्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम, कारण दोन्ही चॅनल चालतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो. सोळाची एकच पट्टी असेल तरी नाकारू नका, एक खाच मोकळी राहते. चार-चारच्या दोन असतील तर मात्र भाव पाडून मागा. वाढवायचं झालं तर काढलेल्या पट्ट्या टेबलाच्या खणातच राहतात.

एसएसडी बहुतेकदा विक्रेत्याने टाकलेली असते, कुठल्याही नावाची. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. हेल्थ किती टक्के, किती तास चाललेली आणि एकूण किती लिहून झालंय हे तिथेच दिसतं. २.५ इंची डिस्कची जागाही यात आहे, पण ती बसवायचा पत्र्याचा साचा (कॅडी) आणि चपटी रिबन केबल रिफर्बिश्ड मालात हमखास गायब असते. दुसरी डिस्क लावायचा विचार असेल तर या दोन वस्तू डब्यासोबतच मागून घ्या. नंतर सुट्या शोधत बसणं वैतागवाणं होतं.

मग मशीन चालू करून एफ१ दाबा. बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) पासवर्ड विचारत असेल तर मशीन परत ठेवा. ‘आम्ही काढून देतो’ म्हणतील, पण तो काढल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण पासवर्ड माहीत नसेल तर टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) चालू करता येत नाही आणि बूटचा क्रमही बदलत नाही. आत गेल्यावर सिक्युरिटी विभागात सिक्युरिटी चिप चालू करायची, सिक्युअर बूट चालू करायचं, आणि पॉवर विभागात ‘आफ्टर पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ ठेवायचं, म्हणजे वीज आल्यावर मशीन आपलं आपण उठतं. तारीख २०१८-१९ ची दिसत असेल तर मदरबोर्डवरची २०३२ ची नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. ती किरकोळ किमतीत मिळते. पण बदलली नाही तर रात्री मेन स्विच बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी तारीख मागे जाते, ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित सांगतो आणि ऑपरेटर म्हणतो, ‘जीएसटी पोर्टल बंद आहे.’ पोर्टलला उगाच शिव्या बसतात.

विंडोजचं लायसन्स बघायला सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलेलं हवं. ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने’ अशा अर्थाची ओळ दिसली तर ते कोणा कंपनीच्या व्हॉल्यूम पद्धतीने किंवा तिच्या नकलेने चालू केलंय. १८० दिवसांची मुदत असते आणि मध्येच ते मागणी करू लागतं. या डब्यांच्या बोर्डात बहुधा मूळ प्रो एडिशनची किल्ली असते. विंडोज ११ प्रो कोरं बसवून नेटला जोडलं की ते स्वतःच ॲक्टिव्हेट होतं, आणि कोरं बसवणं कधीही चांगलं. सेटअपच्या वेळी भलत्याच कंपनीच्या नावाचं लॉगिन आलं तर त्या मशीनची नोंद अजून मूळ मालकाच्या यादीतून निघालेली नाही. तेही परत.

रॅमबद्दल या मॉडेलचा एक मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. यात लॅपटॉपची रॅम लागते. ऑफिसात स्क्रीन गेलेले, बिजागरी तुटलेले, कपाटावर टाकलेले २०१६ नंतरचे लॅपटॉप असतील तर त्यातल्या डीडीआर४ पट्ट्या थेट यात बसतात. २६० पिना, खाच मध्यापासून किंचित बाजूला. डीडीआर३च्या पट्टीला २०४ पिना आणि खाच वेगळ्या जागी. ती बसणारच नाही, जोर लावू नका. २४०० ची आणि २६६६ ची एकत्र लावली तर दोन्ही २४०० वर चालतात, बिघडत काही नाही. ४ आणि ८ अशी विषम जोडीही चालते. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, तिथे हाती काही लागत नाही. तेव्हा कोटेशन मागवण्याआधी एक कागद घ्यावा आणि ऑफिसातल्या प्रत्येक चालू-बंद मशीनमध्ये कुठल्या जातीची, किती जीबीची, किती पट्ट्या आहेत ते लिहावं. पंधरा मशीनच्या ऑफिसला अर्धा दिवस पुरतो, आणि खरेदीची यादी निम्म्यावर येण्याची शक्यता खरोखर असते. जुन्या टॉवरमधली लांब रॅम मात्र या डब्यात चालत नाही. ती टॉवरमध्येच फिरवावी.

किती रॅम लागते हे अंदाजाने ठरवू नका. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी उघडून ‘इन यूज’ (आत्ता वापरात असलेली) आणि ‘कमिटेड’ (सगळ्या प्रोग्रामनी मिळून मागितलेली) हे दोन आकडे टिपा, पण एरवीच्या दिवशी नाही. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी भरतानाचे टिपा. त्या दिवशी टॅली, तीन एक्सेल, पोर्टलचे पाच टॅब आणि पीडीएफ एकदम उघडे असतात. कमिटेडचा आकडा मशीनमधल्या रॅमच्या बराच पुढे जात असेल तर १६ लागतील. ८ मध्ये सगळं मावत असेल, तर त्या टेबलाला आज १६ देणं म्हणजे निव्वळ पैसे अडकवणं. फक्त टॅली चालणाऱ्या टेबलाला ८ पुरतात.

कोल्हापुरात हे मशीन कुठे अडतं, तर सिरियल पोर्टवर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, गेटवरचा वजनकाटा आरएस-२३२ या जुन्या सिरियल केबलनेच पीसीला जोडलेला असतो, आणि जुन्या व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) प्रोग्राम पाठवायलाही तीच केबल. एम७२०क्यूमध्ये सिरियल पोर्ट ऐच्छिक होता, बहुतेक डब्यांवर नसतो. मग यूएसबी-टू-सिरियल केबल लावली जाते, आणि घोळ तिथे होतो. स्वस्त केबलमध्ये प्रोलिफिकची जुनी किंवा नकली चिप असते. विंडोज १० वर जुन्या ड्रायव्हरने ती चालायची. ११ वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘पीएल२३०३एचएक्सए २०१२ पासून बंद’ अशी ओळ येते. ट्रक काट्यावर उभा, स्लिप निघत नाही, आणि दोष येतो नव्या मशीनवर. एफटीडीआय चिपची केबल घ्यावी. ती महाग आहे, पण काटा बंद पडण्यापेक्षा स्वस्त. कॉम पोर्टचा नंबर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होता तोच, बहुधा कॉम१, डिव्हाइस मॅनेजरमधून द्यावा आणि केबल कायम त्याच यूएसबी खाचेत ठेवावी. खाच बदलली की नंबरही बदलू शकतो. पॅरलल पोर्टवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर त्याला मागे यूएसबी आहे का ते बघा. नसेल तर गेटवरचं जुनं मशीन नेटपासून तोडून तसंच चालू ठेवणं शहाणपणाचं. व्हीएमसीच्या शेजारच्या विंडोज ७ च्या पीसीलाही हेच लागू: नेट काढा, पेन ड्राइव्ह एकच ठरवून द्या, आणि त्याला हात लावू नका.

मॉनिटरचं सोपं आहे. मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. जुन्या व्हीजीए मॉनिटरला छोटा कन्व्हर्टर लागतो. त्यासाठी मॉनिटर बदलू नये.

वीज: काम चालू नसताना मशीन १०-१५ वॅट घेतं. जुना टॉवर त्यापेक्षा ४० वॅट जास्त खात असेल, तर दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरून प्रत्येक टेबलामागे १२० युनिट वाचतात. एवढ्याने मशीनचे पैसे सुटत नाहीत, पण यूपीएसवरचा भार कमी होतो. एका टॉवरला घेतलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर असे दोन डबे मॉनिटरसकट आरामात चालतात. अडॅप्टर बाहेरचा आहे: २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, ६५ वॅट, पिवळ्या चौकोनी टोकाचा. थिंकपॅड लॅपटॉपचा त्याच टोकाचा ६५ वॅटचा अडॅप्टर चालतो, ४५ वॅटचा लावू नये. दर पाच-सहा डब्यांमागे एक अडॅप्टर जादा ठेवावा, कारण व्होल्टेज वर-खाली झालं की पहिला तोच जातो.

आता धूळ. कास्टिंगच्या शॉपमधली धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात लोखंडाचे आणि कोळशाचे कण असतात, म्हणजे ती वीज वाहते. एवढ्याशा डब्यात पंख्याच्या बारीक फटी तिने काही महिन्यांत बुजतात, आणि बोर्डावर बसलेली धूळ पावसाळ्याच्या दमटपणात शॉर्टचं कारण होते. शेडमध्ये पंखा नसलेला औद्योगिक पीसी लागतो, विषय वेगळा. शेडला लागून असलेल्या ऑफिसात ठेवायचा असेल तर मॉनिटरच्या मागे व्हेसा पट्टीवर (मॉनिटरच्या स्क्रूच्या भोकांना बसणाऱ्या पट्टीवर) उभा लावा आणि तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं फिरू दिलं तर बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली २०१८ ची थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली असते, तीही एकदा बदलून घ्यावी. वाळली आहे हे कसं कळतं? काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा. ८४००टी चा मूळ वेग १.७ गिगाहर्ट्झ आहे. भार असताना तो त्याच्याही खाली उतरत असेल तर पेस्ट किंवा धूळ, दोन्हींपैकी एक. शाहूपुरीसारख्या भागात तळमजल्यावर ऑफिस असणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ चे पूर आठवतच असतील. पाणी चढू लागलं की हे डबे पिशवीत घालून माडीवर नेता येतात, टॉवरचं तसं नाही.

नेटवर्क मात्र आधी बघा. मशीन गिगाबिटचं असतं आणि मागे दहा वर्षांपूर्वीचा १०० एमबीपीएसचा स्विच. टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर असेल तर रॅम कितीही वाढवा, रिपोर्ट उघडायला तेवढाच वेळ लागतो. सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसत असेल तर स्विच जुना, किंवा केबलमधल्या आठांपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच हा सध्या सगळ्यात कमी पैशात जाणवणारा बदल आहे, आणि मेमरीच्या भावाशी त्याचा फारसा संबंध नाही. डेटा ठेवलेल्या मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर नवा पीसी घेण्याआधी तिथे एसएसडी.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा, मगच फॉरमॅट. उलट्या क्रमाने केलं तर सपोर्टशी बोलत बसावं लागतं. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हरही नव्या मशीनवर आधी टाकून तपासा, २० तारखेच्या सकाळी नाही.

धरा, गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीच्या ऑफिसात १२ मशीन आहेत: अकाउंट्स-पर्चेस-डिस्पॅच मिळून ६, कॅडचे २, टॅलीचा डेटा ठेवलेलं १, गेटवरचं १, व्हीएमसीपाशी १, मालकांचा लॅपटॉप १. सहाच्या सहा एम७२०क्यू एकदम घेऊ नयेत. ज्या टेबलावरचं मशीन आठव्या पिढीच्या आधीचं आहे आणि त्यावर बँकिंग चालतं, ती आधी. बहुधा तीन-चार निघतील. उरलेल्यांना विंडोज १० चं एक्स्टेंडेड अपडेट (सपोर्ट संपल्यावरही मिळणारं सुरक्षेचं अपडेट) विकत घेऊन वर्ष काढायचं म्हटलं तर कंपन्यांसाठी प्रति मशीन पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. आणि उशिरा शिरलात तरी मागच्या वर्षाचे भरावेच लागतात. एक वर्ष ढकलायला ठीक, तीन वर्षांना नाही. कॅडची दोन मशीन वर्षभरात बदलायचीच असतील तर आताच नवी घ्या, ३२ जीबी सुरुवातीलाच भरून. ‘१६ वर चालवू, पुढे वाढवू’ हा जुना हिशेब चढत्या बाजारात उलटा पडतो. गेट आणि व्हीएमसी जसे आहेत तसे. आणि एक भरलेला एम७२०क्यू कपाटात, विंडोज आणि सॉफ्टवेअर आधीच बसवून. सहा टेबलांना मिळून एक सुटा डबा असला की इंजिनिअर येईपर्यंत डिस्पॅच थांबत नाही.

कोटेशनमध्ये रॅम आणि एसएसडी वेगळ्या ओळीत लिहून मागा, मुदतीची तारीख घालून. ‘भाव डिलिव्हरीच्या दिवशीचा’ अशी ओळ असेल तर तेवढ्या वस्तूंचे पैसे आधी देऊन भाव पक्का करा, बाकीचे माल आल्यावर. बिलावर प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर हवा. संगणकावर जीएसटी १८ टक्के आहे, पण जुना माल मार्जिन स्कीमखाली (खरेदी-विक्रीच्या फरकावरच कर लावून) विकणाऱ्याकडून पूर्ण किमतीवरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. दोन विक्रेत्यांचे भाव शेजारी मांडताना हा फरक धरा. घसारा ४० टक्के, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, तेव्हा मार्चमध्ये घाईने घेण्याबद्दल आधी सीएंना विचारा. वॉरंटी तोंडी नको. ‘चेकिंग वॉरंटी’ म्हणजे किती दिवस, अडॅप्टर त्यात धरलाय का, आणि रॅम बिघडली तर तेवढ्याच जीबीची पट्टी देणार की ‘त्या वेळच्या भावाने फरक’ मागणार, हे बिलाच्या मागे लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नावर जो विक्रेता घुटमळतो, त्याचा दर कमी का आहे ते कळतं. मशीन आणल्यावर पहिल्याच रात्री विंडोज मेमरी डायग्नोस्टिक लावून ठेवा. खराब पट्टी बहुधा त्याच रात्री सापडते आणि बदलून मिळण्याचे दिवस अजून शिल्लक असतात.